रक्तातला इळा

(गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात, रोवणी आटोपल्यावर ग्रामपंचायतीच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान. थोडं संपादन करून.)

मंडळी, मघाशी चहा घेताना एका मावशीनं विचारलं, "सर, पोराचं रक्त कमी हाय म्हन्तेत. लोहाच्या गोया खाते, तरी काऊन नाही वाढत?"

याचं उत्तर सिकलसेलमध्ये असू शकतं. हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, यात तांबड्या पेशी इळ्यासारख्या वाकड्या होतात. मी चार प्रकारच्या ऊती, म्हणजे एक काम मिळून करणारे पेशींचे गट, समजावायच्या तयारीनं आलो होतो. कातडीची अभिस्तर ऊती, दंडातली स्नायू ऊती, मेंदूतली चेता ऊती, या तीन शाळेतल्या पोरांना विचारा, पाठ असतील. मी चौथीवर, संयोजी ऊतीवर थांबतो. हाड तिच्यातलं, चरबी तिच्यातली आणि रक्तही त्याच भावकीतलं. पातळ असलं तरी तीही ऊतीच. रक्तद्रवात पेशी पोहत असतात, एवढंच.

तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं, एकेका पेशीत सुमारे 27 कोटी रेणू. प्रत्येक रेणूत चार साखळ्या. त्यातल्या दोन बीटा साखळ्यांत 146-146 अमिनो आम्लं, दोरीत ओवलेल्या मण्यांसारखी. सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा. त्याचं पाण्याशी चांगलं जमतं. सिकलसेलच्या रुग्णात त्या जागी व्हॅलिन येतो, तो तेलाच्या स्वभावाचा, पाण्यापासून अंग चोरणारा. बाकी 145 मणी जसेच्या तसे!

पेशीत ऑक्सिजन भरलेला असतो तोवर काही बिघडत नाही. तो देऊन टाकला की हा तेलकट मणी शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतो, त्याला आणखी एक चिकटतो, आणि पेशीत लांब कांड्या तयार होतात. गोल पेशी ताणून इळ्यासारखी वाकडी होते. मग ती बारीक केशवाहिनीत अडकते, पुढचा रक्ताचा रस्ता बंद, आणि हातपाय असे ठणकतात की घरची माणसं "वात आहे" म्हणून तेल चोळत बसतात. रोवणीत दिवसभर बांधीच्या चिखलात भिजलं, थंडी वाजली, पाणी कमी प्यालं, ताप आला, की हे दुखणं उसळतं.

आता मावशीचा प्रश्न. साधी तांबडी पेशी 120 दिवस टिकते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. फुटली तरी तिच्यातलं लोह बहुतेक शरीरातच राहतं. म्हणजे इथं टंचाई लोहाची नसते, पेशीच्या आयुष्याची असते. म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देत राहू नका. नवीन पेशी बनायला फॉलिक आम्ल लागतं, ते डॉक्टर देतात.

1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचं वर्णन छापलं. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे 1949 साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

हिमोग्लोबिन कसं बनवायचं हे सांगणाऱ्या जनुकाच्या आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या तर रुग्ण, एकच आली तर वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. उलट लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. आपल्या जंगलपट्ट्यात हा दोष टिकला तो त्यामुळं, कोणाच्या करणीनं नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळ धोका. पहिलं पोर रुग्ण निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. छत्तीस गुण जुळवता, त्यात हा एक तपासून घ्यायला काय हरकत?

टेबलावर दोन नळ्या ठेवल्यात, दोघींत तपासणीच्या द्रावणात मिसळलेलं रक्त आहे, मागच्या कागदावर काळ्या रेघा आहेत. एका नळीतून रेघा दिसतात, दुसरीत गढूळपणामुळं दिसत नाहीत. गढूळ म्हणजे रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे, पण माणूस वाहक की रुग्ण, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. या मावशी, तुम्ही आधी बघा.