जावयाच्या वंशानं घेतली सासुरवाडी

नमस्कार मंडळी! रिद्धपूर म्हटलं की आपल्याला महानुभावांचे गोविंदप्रभू आठवतात. त्याच रिद्धपुरात नल घराण्याचा एक ताम्रपट सापडला. हे नल राजे छत्तीसगडातल्या बस्तरकडचे, राजधानी पुष्करी, काळ पाचवं-सहावं शतक. स्वतःला ते नळराजाचे वंशज म्हणवत. हो, तोच तो, आपल्या दमयंतीचा नळ.

आधी नाणी पाहू. बस्तरातल्याच कोंडागावकडच्या एडेंगा गावी या नल राजांची सोन्याची 32 नाणी मिळाली, ती इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी 1939 मध्ये प्रसिद्ध केली. 29 वराहराजाची, 2 अर्थपतीची आणि भवदत्ताचं 1. हा भवदत्त ध्यानात ठेवा, पुढची गोष्ट त्याचीच.

देव्हाऱ्यातला टाक उलटा करून पाहा. पुढून देवी उठून दिसते, मागे खळगा असतो. ही नाणी तशीच, पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेली. (आताचे टाक इतके पातळ येतात की घासता घासता देवीचं नाकच जाते, पण ते असो.) नाण्यावर बसलेला वशिंडाचा बैल, पुढ्यात चंद्रकोर, खाली राजाचं नाव, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चौकोनी पेटी. छाप एकाच अंगाला, कारण मागून दुसरा ठोकला तर पुढचा उठाव चेपतो. मोठं नाणं सव्वा ग्रॅमच्या आसपास, लहान अर्ध्या ग्रॅमच्या आत.

वखराला असं काही लागलं तर चिंच नको, राख नको. वाकलेलं सरळ करू नका, घडीवर पत्रा तडकतो. दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावाच लागतो, कायदा 1878 चा आहे. पुन्हा सांगतो, घासू नका, वाकवू नका, कळवा.

आता ताम्रपटाची गोष्ट. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे तेव्हाचं नंदिवर्धन, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याची राजधानी. ती घेतली भवदत्तानं. आता सांगा बाप्पा, नळ विदर्भाचा जावई, आणि जावयाच्या वंशजानं सासुरवाडीच काबीज केली! दमयंतीच्या माहेरचे, कौंडण्यपूरचे लोक काय म्हणाले असते?

पण गडी नुसता लढवय्या नव्हता. राणी अचली भट्टारिकेला घेऊन प्रयागला गेला. आपले आजी-आजोबा जायचे तसंच, जोडीनं. तिथं गंगा-यमुनेच्या संगमावर त्यानं दोघांच्या कल्याणासाठी कदंबगिरी गाव दान दिलं, मात्राढ्य नावाच्या ब्राह्मणाला आणि त्याच्या आठ मुलांना. कदंबगिरी म्हणजे यवतमाळचं कळंब, असं अभ्यासक मानतात. चिंतामणीचं कळंब! म्हणजे बघा, राजा बस्तरचा, मुक्काम रामटेकजवळ, संकल्प प्रयागला आणि जमीन यवतमाळची.

शब्द दिला भवदत्तानं, पण ताम्रपट कोरवला अर्थपतीनं. बाप-आठ लेकांचा तो फेरफार लागायला पुढचा राजा यावा लागला.