शोशोची सही

मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'एक सही' असा छापला आहे. ती सही जिच्या हातची आहे, ती चित्रपटात प्रथम दिसते तेव्हा एका टेबलावर उभी राहून नाचत असते, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

'पिकॅडिली' हा १९२९ सालचा ब्रिटिश मूकपट आहे. दिग्दर्शक जर्मनीहून आलेले ड्युपाँ, पटकथा आर्नल्ड बेनेट यांची, आणि शोशोच्या भूमिकेत ॲना मे वाँग. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल असे धरून चालते. लंडनच्या झगमगत्या नाइटक्लबात एक गिऱ्हाईक जेवता जेवता ओरडू लागते, कारण त्याच्या ताटलीवर डाग आहे. हे गिऱ्हाईक म्हणजे पुढे ऑस्कर मिळवणारे चार्ल्स लॉटन. भूमिका दोन-चार मिनिटांची, पण त्यांचा तो संताप विसरता येत नाही. तक्रारीचा माग काढत क्लबचा मालक विल्मट स्वयंपाकघरातून भांडी घासण्याच्या खोलीत, म्हणजे आपल्या भाषेत मोरीवर, जातो. तिथे सगळ्या बायका हातातले काम टाकून वर पाहत असतात आणि शोशो टेबलावर संथपणे डोलत असते. कॅमेरा तिच्या पायांवर येतो, तेव्हा मोज्याचा उसवलेला धागा स्पष्ट दिसतो.

हे दृश्य मी व्याख्यानाच्या तयारीसाठी घरी पाहत होते. आमच्याकडे वीस वर्षे काम करणाऱ्या मावशी ओले हात पदराला पुसत दारात उभ्या राहिल्या, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, ही नाचतेय, त्या बघतायत, मग ताटं कोण घासतंय?" मी या चित्रपटावरचे बरेच लेखन वाचले आहे, पण त्यात हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता. कोणीच घासत नव्हते, म्हणून तर डाग वरच्या टेबलापर्यंत गेला, आणि त्या डागापायी मालक तिच्यापर्यंत आला. कथेची कळ मावशींनी एका वाक्यात दाखवली. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मी त्यांना मूकपटातल्या संवादांच्या पाट्या मराठीत वाचून दाखवत गेले. विल्मट तिला आधी कामावरून काढतो, पुढे क्लबातली गर्दी ओसरल्यावर नाचण्यासाठी परत बोलावतो. तेव्हा पोशाख लाइमहाउसच्या, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या चिनी वस्तीतल्या, दुकानातलाच हवा आणि वाजवायला तिचा मित्र जिमच हवा, असे ती ठणकावून सांगते. "आधी अटी घातल्या, बरं केलं," मावशी म्हणाल्या. शेवटी शोशोचा खून झाल्यावर मात्र त्या उठल्या आणि एवढेच विचारले, "मारलीच का तिला?"

माझी तक्रार नेमकी हीच आहे, आणि ती या एका चित्रपटापुरती नाही. १९२२च्या 'द टोल ऑफ द सी'मध्ये अवघ्या सतरा वर्षांची ॲना मे वाँग अखेरीस समुद्राच्या स्वाधीन होते. 'पिकॅडिली'तही जी चिनी मुलगी मोरीवरून रंगमंचावर चढते, तिला कथा जिवंत ठेवत नाही. लाइमहाउसच्या गुत्त्यात एका कृष्णवर्णीयाबरोबर नाचल्याबद्दल गोऱ्या बाईला हाकलून देतात, हे शोशो आणि विल्मट दोघेही पाहतात. त्यानंतर दोघे एकमेकांच्या कितीही जवळ आले, तरी त्यांचे चुंबन पडद्यावर येत नाही. आणि ज्या अभिनेत्रीला परकी म्हणून असे वागवले गेले, ती जन्मली लॉस एंजेलिसमध्ये, १९०५ साली. वडिलांची तिथे लाँड्री होती.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी मिळाली आहे, आणि सही अजून राहिलीच आहे. थोडक्यात सांगते.

क्लबच्या कार्यालयात करारावर सही करताना शोशो चिनी अक्षरे लिहिते, आणि ती अक्षरे शोशो या नावाची नाहीत. ते नाव आहे वाँग लियू त्साँग, खुद्द अभिनेत्रीचे चिनी नाव. लंडनच्या प्रेक्षागृहात ते वाचू शकणारे किती थोडे असतील! श्रेयनामावलीत आधीचा मान क्लबच्या मुख्य नर्तकीची भूमिका करणाऱ्या गिल्डा ग्रे यांना, कथेत मरण शोशोला. पण त्या कागदावर, खऱ्या लिपीत, तिचे स्वतःचे नाव तिच्याच हाताने उमटले आहे. नटीला पात्राच्या आडून स्वतःची हजेरी लावता येते, एवढेच मला आज मांडायचे होते.

हे हॉलिवूडने ओळखले नाही. १९३७च्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका लुईझ रायनर यांना मिळाली आणि त्यांना त्यासाठी ऑस्करही मिळाले. नायक पॉल म्यूनी गोरे, म्हणून त्यांच्यासमोर चिनी वंशाची नायिका, भिन्नवंशीय प्रेमसंबंध पडद्यावर येऊ न देणाऱ्या हॉलिवूडच्या तेव्हाच्या नीतिसंहितेत बसत नव्हती. वाँग यांना रखेलीची भूमिका सुचवली गेली, ती त्यांनी नाकारली आणि १९३६ साली त्या चीनला निघून गेल्या.

आता दिवे मालवतील आणि कार्यालयातला तो प्रसंग लावतील. तिच्या चेहऱ्याकडे नंतर पाहा, आधी हाताकडे पाहा.