बेस कसा ऐकावा

(कोथरूडमधल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय बाहेर फळ्यावर लिहिलाय, तो तुम्ही वाचूनच आत आलात. त्यावर मी बोलणार आहेच, पण आधी एक विचारते. बेस गिटार जवळून पाहिलेले किती जण आहेत? हात वर करा. बरं, मागच्या तरुण मंडळींचे हात दिसतायत, पुढच्या रांगांमध्ये मात्र शांतता. मग ही बघा. चार तारा, मान साध्या गिटारपेक्षा लांब, आणि ही सगळ्यात जाड तार साधारण अडीच मिलिमीटरची. ती मोकळी सोडून छेडली की सेकंदाला ४१ कंपनं होतात. माणसाचा कान वीसच्या आसपास ऐकायला सुरुवात करतो. म्हणजे ऐकू येण्याच्या तळाशी जे काही आहे, तिथे आम्हा बेस वाजवणाऱ्यांचा मुक्काम असतो.

हे वाद्य १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी बाजारात आणलं. त्याआधी बँडमध्ये डबल बेस असायचा. माणसाहून उंच, न्यायला-आणायला अवघड, आणि इलेक्ट्रिक गिटारी आल्यावर त्यांच्यापुढे ऐकूच येईना. फेंडरनी त्याला खांद्यावर अडकवण्याजोगं केलं, सतारीला असतात तसे पडदे बसवले, म्हणजे सूर नेमका लागावा, आणि खाली पिकअप लावला, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या संदेशात बदलणारा भाग. स्वतः फेंडरना गिटार वाजवता येत नव्हती. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. मला ही गोष्ट फार आवडते. वादकांचं गाऱ्हाणं नीट ऐकून घेणारा कारागीर मिळाला की काय होतं, त्याचा हा नमुना आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतलं झालं, आमचा काय संबंध? पुण्याइतका संबंध दुसऱ्या कुठल्या गावाचा नसेल. १९५३ पासून या गावात सवाई गंधर्व महोत्सव होतोय. तानपुरे जुळेपर्यंत न कंटाळता बसून राहणारे श्रोते इथे आहेत. तानपुऱ्याची शेवटची तार खर्जाची. ती जरा उतरली की गाणारा मागे वळून बघतो, आणि पहिल्या चार रांगाही अस्वस्थ होतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती कशासाठी? आवाज खाली जावा म्हणून. डग्ग्यावर मनगट दाबून जो घुमारा काढतात, तो काढता आला नाही तर तबलजीला आपण तबलजी म्हणत नाही. म्हणजे खालच्या सुराची जाण तुमच्याकडे आहेच. फक्त स्टेजवर ड्रम्स आणि गिटार दिसली की ती जाण आपण चपलांबरोबर बाहेर ठेवून येतो.

आणि दुसरी गोष्ट, बेस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतली भिंत येते. ट्रॅक्टरवर रचलेले स्पीकर, हादरणाऱ्या खिडक्या. माझ्या सोसायटीतल्या आजी मला विचारतात, "तूच ना गं ती, काचा हलवणारी?" नाही हो आजी. तो नुसता दणका आहे. त्यात सूर कुठला चाललाय हे कुणाला सांगता येत नाही, सांगायची गरजही पडत नाही. ढोल-ताशाचं वेगळं आहे. तिथे ताशा लय धरून असतो, आणि पथक चांगलं असेल तर शंभर ढोलांची थाप एकत्र पडते, पुढच्या थापेआधी मोकळी जागा सोडते. लक्ष्मी रोडवर उभं राहून ती मोकळी जागा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना माझं पुढचं बोलणं लगेच कळेल.

आता, ज्यासाठी मी या व्याख्यानाला ताबडतोब हो म्हटलं, ते सांगते. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांतून बेसवाला नाहीसा होत चाललाय. फोन येतो, "ताई, या वेळी बजेट जरा टाइट आहे. बेसचं कीबोर्डवाला डाव्या हाताने सांभाळून घेईल." अगदी गोड आवाजात सांगतात. असा फोन आल्यावर एकदा मी त्याच कार्यक्रमाचं तिकीट काढलं आणि मधल्या रांगेत जाऊन बसले. म्हटलं, ऐकूया तरी.

कीबोर्डवाला मुलगा हुशार होता, जीव ओतून वाजवत होता. त्याला मी बोल लावणार नाही. खालच्या दोन सप्तकांवर बेसचा आवाज, वर स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज, अशी विभागणी करून घेतली होती त्याने. मुखडा झाला. उत्तम. मग पहिलं म्युझिक आलं, म्हणजे मुखडा आणि अंतरा यांच्या मधला तुकडा. आता त्यात व्हायोलिनच्या दोन ओळी एकावर एक, आणि त्यांच्या शेपटाला अकॉर्डियनची एक लहर. दोन्ही हात लागणारच. डावा हात वर गेला आणि बेस गेला. तो नेमका कुठे गेला बघा. संगीतकाराने, अरेंजरने जिथे बेसला सगळ्यात जास्त बोलायला दिलंय तिथे. जुन्या गाण्यांत मुखड्याखाली बेस साधा असतो, गाणाऱ्याच्या वाटेत येत नाही. म्युझिक आलं की तो चालायला लागतो, वर जातो, वळतो आणि अंतऱ्याच्या 'सा'वर गायिकेला आणून सोडतो. ते आणून सोडणंच त्या दिवशी झालं नाही.

ऑक्टोपॅडवाल्याला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स वाजवणाऱ्याला, खालून काही ऐकू येईना, म्हणून तो जोर लावायला लागला. जोर लावला की लय चढते, हा नियमच आहे. अंतऱ्याला गायिका उठली ती थोडी चढी आणि थोडी घाईत. माझ्या शेजारचे काका पत्नीला म्हणाले, "आज हिचा आवाज लागत नाहीये." काकू म्हणाल्या, "एसी फार केलाय हो." मला उठून सांगावंसं वाटत होतं की काका, आवाज लागलाय, सुरेख लागलाय, तिच्या पायाखालची फरशी काढून घेतलीय. मध्यंतरात आयोजक साउंडवाल्याच्या मिक्सरपाशी गेले. त्यांनाही काहीतरी कमी पडतंय हे कळलं होतंच, पण काय ते कळलं नव्हतं. त्यांनी गायिकेचा माइक वाढवायला सांगितला. उत्तरार्धात माइकने दोनदा शिट्टी घेतली, आणि बाहेर पडताना लोक एकमेकांना म्हणत होते, पूर्वीची मजा राहिली नाही.

यातलं मला सर्वांत झोंबतं ते हे की दोष तिच्या नावावर जमा झाला. जे वाद्य तिथे नव्हतंच, त्याची उणीव कुणाला नाव घेऊन सांगता आली नाही. आपल्या व्यवसायातला हा मोठा अन्याय आहे, आणि तो श्रोत्यांच्या कानांनीच दूर होऊ शकतो. आयोजक तुमचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत.

बरं, साउंडवाल्यांची बाजूही सांगायला हवी, कारण त्यांचीही अडचण खरी आहे. खुल्या मैदानात कार्यक्रम असला की आजूबाजूच्या इमारतींतून तक्रार येते ती बेसची. बासरीची तक्रार कुणी केल्याचं ऐकलंय? याचं कारण असं. ४१ कंपनांच्या सुराची लाट आठ मीटरहून लांब असते. एवढी मोठी लाट खांबाला, माणसांना, पडद्याला जुमानत नाही, वळसा घालून पुढे जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होते. वरचे सूर लवकर अडतात. म्हणून तिसऱ्या मजल्यावर गाणं पोचत नाही, धप-धप पोचते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. आजारी माणसाला झोप हवी. पण पोलिसांचा माणूस दिसला रे दिसला की साउंडवाला पहिला हात बेसच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, घालतो आणि तो तळाला नेतो. तिथे माझं भांडण आहे. कारण कानाची एक खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली ती मोजून मांडली. आवाज कमी होत गेला की आपल्या कानाला खालचे सूर वरच्यांपेक्षा आधी दिसेनासे होतात. म्हणजे सगळा आवाज उतरवला की बेस आपोआप जास्तच उतरलेला असतो. त्यात आणखी फेडर खाली ओढला की स्टेजवरचा बँड पोरका होतो. उतरवायचंच असेल तर सगळं मिळून उतरवा, आणि स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ आणा.

बघा, चिठ्ठी आली. साडेसातला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय. आणि मी अजून मूळ विषयाला हात घातलेला नाही. आता भरभर सांगते, लक्ष द्या.

बेस ऐकायचा तो सूर कुठे सुरू होतो यावर नाही, कुठे थांबतो यावर. हे माझं आजचं सगळं म्हणणं. आता ऐका, हाच सूर दोनदा वाजवते. (वाजवून दाखवतात.) पहिल्या वेळी तो पुढच्या मात्रेपर्यंत वाहू दिला. दुसऱ्या वेळी मध्येच बंद केला. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचललं नाही, फक्त दाब सोडला. बोट तारेला टेकलेलंच राहतं, म्हणून तार मुकी होते. उचललं असतं तर मोकळी तार गुणगुणत राहिली असती. पहिल्यात गाणं रेलून बसतं, दुसऱ्यात चालायला लागतं. सूर तोच, जागा तीच. ही लांबी प्रत्येक सुराला ठरवावी लागते, आणि ती ठरवताना कान ड्रमरच्या उजव्या पायाकडे, म्हणजे त्या पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमकडे, लागलेला असतो. दोन ओळी वाजवणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला हे सुचायला सवड कुठून मिळणार?

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन नावाचे वादक होते. उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, वाजवायचे. तारा तुटेपर्यंत बदलायचे नाहीत. जुन्या तारेचा सूर लवकर विझतो, आणि त्यांना तो तसाच हवा असायचा. जगाने नाचावं असं त्यांनी वाजवलं, पण त्या कंपनीच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापायला १९७१ उजाडावं लागलं. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ, चरणजित सिंग ही माणसं बेस वाजवत होती. गाणं तुम्हाला पाठ असतं, त्यातल्या बेसची लकेर तुम्ही अंघोळ करताना गुणगुणताही, आणि वाजवणाऱ्याचं नाव विचारलं तर गप्प बसता. चरणजित सिंगांनी तर १९८२ साली रागांवर एक तबकडी केली. तिच्यात बेससाठी रोलंडचं टीबी-३०३ हे यंत्र वापरलं, जे मुळात बेसवाल्याची जागा भरून काढायला निघालं होतं. माझा यंत्राला विरोध नाही हे यावरून समजून घ्या. यंत्र चालवणारा माणूस बेस जाणणारा होता, म्हणून ते आज जगभर ऐकलं जातं. आता मोहिनी डे वाजवते, तिच्या बोटांचा वेग सगळे बघतात. तुम्ही तिचं थांबणं बघा.

मोबाइलवर बेस ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून मूळ सूर बाहेरच पडत नाही, त्याच सुरात मिसळलेल्या वरच्या बारीक स्वरांशांवरून मेंदू तो अंदाजाने भरून काढतो. नाट्यगृहात मागच्या भिंतीला चिकटून बसू नका, तिथे बेस फुगतो. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगाही टाळा. मधोमध, मिक्सरच्या आसपास बसा. पहिल्या गाण्याला गायकाकडे बघायचं नाही. फक्त खालचा सूर धरायचा आणि तो कधी गप्प होतो ते मोजायचं. गाण्यात तो एकदा सापडला की पुढे सोडवत नाही, माझा अनुभव आहे.

आणि समोर जे आयोजक बसलेत त्यांच्यासाठी. साउंडचेकला बेस आणि ड्रम्स दोघांना मिळून पंधरा मिनिटं द्या, बाकीचे मागून. बेसवाल्याला त्याचा वेगळा मॉनिटर, म्हणजे स्टेजवर स्वतःचं वाजवणं ऐकायचा स्पीकर, द्या. पत्रिकेवर वादकांची नावं छापा, सर्वांची, गायकांच्या नावांएवढ्याच टाइपात. बजेट बसत नसेल तर पाच गायकांचे चार करा, पाहुण्यांचे सत्कार कमी करा, शाली-श्रीफळांतच एका वादकाचं मानधन निघतं. बेसला हात लावू नका.

पखवाज आत येतोय, मी थांबते. प्रश्न असतील तर बाहेर पायऱ्यांपाशी विचारा. गिटार तिथे हातात घेऊनही बघा, फक्त पट्टा आधी खांद्यावर अडकवा, चार किलोची आहे ती.