माशा मारत नाही, माशा बांधतो

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सोलापुरात माणूस रिटायर झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय बे, आता दिवसभर काय माशा मारतो काय?" मी सांगतो, मारत नाही, बांधतो. समोरचा हसतो आणि विषय सुताच्या भावावर जातो. आज तुम्हाला उठून जाता येणार नाही, चहा व्याख्यानानंतर ठेवलाय. त्यामुळं पहिल्यांदाच पूर्ण उत्तर देतो.

ही ती माशी. मागच्या रांगेला दिसायची नाही, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी लांब आहे. गळावर दोरा, पीस, तार गुंडाळून केलेली खोटी माशी. ट्राउट नावाचा मासा थंड, वाहत्या पाण्यात राहतो आणि मुख्यतः पाण्यातल्या किड्यांवर जगतो. त्या किड्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडासमोरून वाहत न्यायचं, एवढाच खेळ. फक्त या माशीला फेकण्याइतकं वजन नसतं. दगड फेकता येतो, पीस फेकता येत नाही. म्हणून इथं वजन दोरीत असतं. ती जाड दोरी काठीनं हवेत मागं-पुढं झुलवायची आणि पाण्यावर अंथरायची, माशी तिच्या टोकाला नुसती लटकून जाते.

आता अडचण अशी की सोलापुरात ट्राउट नाही. उजनीत कटला आहे, रोहू आहे, चिलापी तर पोत्यानं आहे. पण ट्राउटला पाणी साधारण वीस अंशांच्या आत लागतं, आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतून जे येतं त्यात फक्त चहाची पूड टाकायची बाकी असते. हा मासा मुळात भारतातलाच नाही. १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला पोचली आणि जगली. त्याआधीची खेप वाटेतच वाया गेली होती. पुढं तो हिमाचलात गेला, निलगिरीत गेला. म्हणजे मी ज्या नदीसाठी माश्या बांधतो ती इथून सुमारे दोन हजार किलोमीटरवर आहे. तिथं मी आजवर चार वेळा गेलोय. बांधलेल्या माशा हजाराच्या पुढं असतील. हा हिशेब जुळत नाही, हे मला घरातूनही अधूनमधून ऐकवलं जातं.

नसेल जुळत. पण अशोक चौकातल्या मागावरून उतरलेली चादर कुठल्या गावच्या कुठल्या खाटेवर जाते, हे विणणाऱ्याला कधी कळलंय?

मी जकार्डवाला. चादरीवरचा मोर पुठ्ठ्याच्या कार्डांत भोकं पाडून मागाला समजेल असा लिहायचा, हे माझं काम. १९९६ साली त्याच कामासाठी कुलूला जाणं झालं, तिथले शालीचे माग बघायला. सुट्टीच्या दिवशी तीर्थन नदीवर नेलं. एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून ती दोरी झुलवत होते. दोन तास मी काठावर बसून होतो. निघताना त्यांनी टोपीला टोचलेली एक माशी काढून माझ्या हातावर ठेवली.

आता कापडवाल्या माणसाच्या हातात नमुना आला की तो काय करतो? उसवतो. चारी बाजूंनी बघतो, भिंग लावतो, इंचात उभे किती आडवे किती मोजतो, आणि मग एकेक धागा ओढून काढतो. सोलापूरला आल्या रात्री मी ती माशी ब्लेडनं उसवली. आई खाटेवर बसून बघत होती. "एम्रा इदी?" म्हणाली, म्हणजे काय रे हे? आमच्या घरी रागवायची भाषा तेलुगू. मी म्हटलं, बघतोय गाठ कुठाय ती.

गाठ सापडेना. दोरा डोक्याशी येत होता आणि नाहीसा होत होता. आईनं भिंग मागितलं. तिनं तीस वर्षं विड्या वळल्या होत्या. ओलं तेंदूचं पान, पत्र्याच्या फर्म्यावर कातरलेलं, त्यात चिमूट तंबाखू, वळकटी, तोंड दुमडलं की दोऱ्याचे वेढे आणि एक फास. मजुरी हजारावर. सुपातून नजर वर न काढता तिची बोटं चालायची. तिनं माशी पाहिली आणि सांगितलं, गाठ नाहीये, दोरा स्वतःच्याच खाली घातलाय. बरोबर होतं. शेवटचे चार-पाच वेढे दोऱ्याच्या स्वतःच्या टोकावरून घ्यायचे आणि ते टोक खालून ओढून घ्यायचं. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवरचा दोरा बघा, त्याचं टोक असंच कुठं गडप झालेलं असतं. मी मात्र शहाणा. पहिल्या पन्नास माश्या विडीच्या फासानं बांधल्या, कारण ते पटपट होत होतं. पुढच्या खेपेला तीर्थनवर त्या एकेक करून पाण्यात सुटल्या. गळ राहिला, माशी वाहून गेली. विडीची गाठ एका माणसाच्या दहा मिनिटांपुरतीच टिकायची असते, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

थोडं दोऱ्याबद्दल, कारण हे माझं घरचं. माशीच्या दोऱ्यावर शून्याचे आकडे छापलेले असतात, सहा-शून्य, आठ-शून्य. एका कंपनीचा आठ-शून्य दुसऱ्याच्या आठ-शून्याशी जुळत नाही. त्यावर मोठमोठी माणसं वाद घालतात. अहो, डेनियर बघा ना. नऊ हजार मीटर दोऱ्याचं वजन सत्तर ग्रॅम भरलं तर तो सत्तर डेनियर, विषय संपला. दोरा कुठल्या ताणाला तुटतो ते हाताला कळलं पाहिजे, आणि काम त्याच्या एक केसभर अलीकडं करायचं. सैल राहिला तर माशी फिरते, जास्त ओढला तर तट्कन तुटतो आणि सगळं पीस पिंजारतं.

ताणावरून आठवलं. टोनी आयोमी हा गिटारवाला बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात होता. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा बसवल्या, पुढं त्या खालच्या सुरात सैल लावल्या. तो जड, खोल आवाज जगभर गेला. आमच्या गल्लीत बोट गेलेली माणसं कमी नव्हती. गिटार कुणाकडं नव्हती, एवढाच फरक.

तर आता गाण्यांकडं, बांधताना मला ती लागतातच. कॅमेरा जरा इकडं घ्या, बांधता बांधताच बोलतो. आणि त्या स्पीकरवर लावा ते, हळू ठेवा.

हे वाजतंय ते ऑलमन ब्रदर्स, अमेरिकेतला बँड, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट नावाचं थिएटर, मार्च १९७१. आणि मी बांधतोय ती फ्रँक सॉयर यांची माशी. हे इंग्लंडात विल्टशरमधल्या एव्हन नदीचे राखणदार होते. गळ चौदा नंबरचा, नंबर वाढेल तसा गळ लहान होतो. हा व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, धरला. सॉयर दोरा वापरतच नव्हते, बारीक तांब्याची तार वापरायचे. तीच बांधते आणि तीच वजन देते. माझी तार मोटर वाइंडिंगवाल्याकडची आहे, तो वजनावर देतो आणि कशाला पाहिजे ते विचारायचं त्यानं आता सोडून दिलंय. फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शेपटीचं हे पीस, यातले चार केस. टोकं मागं सोडली, ती शेपूट. उरलेले केस तारेभोवती पीळ देऊन पुढं गुंडाळत आणायचे. इथं छातीशी थोडा फुगवटा. वरून केस पुढं-मागं दुमडले, ती पंखांची पिशवी. तार आवळली. झालं. पाय कुठायत म्हणाल? नाहीत. सॉयर नदीकाठी तासन् तास बघत बसायचे. त्यांना दिसलं की हा किडा पोहताना पाय अंगाशी घट्ट धरतो. बाकीचे लोक हौसेनं पिसाचे पाय लावत होते, यांनी काढून टाकले.

गाणं अजून चालूच आहे. तेवीस मिनिटांचं आहे, एल्पीची एक पूर्ण बाजू. माझ्या हाताला एवढ्यात अशा तीन माश्या होतात. साधी स्टुडिओतली गाणी तीन-चार मिनिटांत संपतात. प्रत्येक वेळी हात थबकतो, पुढचं काय म्हणून मान वर होते. मित्र विचारतात, मग भीमसेनजींची मैफल का नाही लावत? लावून पाहिली. विलंबित सुरू झालं की माझा दोरा हवेतच राहतो. ते ऐकताना दुसरं काही होत नाही. या गोंगाटात होतं, कारण मी मागाच्या गोंगाटात वाढलो. शंभर मागांच्या शेडमध्ये आम्ही ओठ बघून बोलायचो. त्यापुढं हे ड्रम म्हणजे शेजाऱ्याच्या घरचं लाटणं.

पण लांबी हे अर्धंच कारण. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं १९८१च्या सुमारास, कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानातून. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. त्यानं आधीची गाणी भरली आणि उरलेल्या जागेत हे घुसवलं. अकराव्या मिनिटाला टेप संपायची, खट्. गिटार अगदी बारीक होत गेलेली, हॉल श्वास धरून बसलेला, आणि खट्. सात वर्षं मी समजत होतो की गाणं तसंच आहे, मुद्दाम तोडलेलं. लोकांना सांगायचो, बघा काय धाडस आहे! पुढं पूर्ण ऐकलं तेव्हा खरं सांगतो, थोडा हिरमोड झाला.

कॅसेट परत परत ऐकताना गाण्यापेक्षा तो हॉलच पाठ झाला. कुठून कोण ओरडतो, कुठल्या सुराआधी शांतता पडते. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये मला हे हवं असतं, ती खोली. द हू या बँडनं १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाजवलं, त्याची तबकडी निघाली. टेपमध्ये खरखर आली होती. तबकडीच्या लेबलवरच हातानं लिहून टाकलं की खरखर आहे, चालेल, दुरुस्त करू नका. पोरं जेवतात तो हॉल, मी कधी गेलो नाही, जाणार नाही, पण त्याची उंची मला माहीत आहे. त्या बँडचा गायक रॉजर डाल्ट्री, त्यानं पुढं इंग्लंडात ससेक्समध्ये स्वतःची ट्राउटची तळी केली. हे मला फार उशिरा कळलं आणि उगाचच आपला कुणीतरी निघाल्यासारखं वाटलं.

अजून एक. डीप पर्पल या बँडचं जपानमधलं रेकॉर्डिंग, तीन रात्रींचं. पहिली रात्र ओसाका, तारीख १५ ऑगस्ट १९७२. मी बारा वर्षांचा होतो. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेत झेंडा, भाषणं. आणि बाहेर बहात्तरचा दुष्काळ. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांना आठवत असेल, लाल मिलोची भाकरी, घशाखाली उतरायची नाही. दुष्काळी कामावर सुकडी. चुलत्यांच्या अंगाला खडी फोडल्याचा वास. त्याच संध्याकाळी ओसाकात ही माणसं वाजवत होती, आणि बँडला ते जपानबाहेर विकायचंही नव्हतं. आज मी ते लावतो, तेव्हा टाळ्यांच्या मधल्या बारीक शांततेत मला कधीकधी आमच्या अंगणातलं जातं ऐकू येतं. येत नाही, मला माहीत आहे. तरी येतं.

पिसांचं थोडक्यात सांगतो, वेळ होत आलाय. पाण्यावर तरंगणारी माशी कोंबड्याच्या मानेच्या पिसावर उभी राहते. ब्रॉयलरचं पीस उपयोगाचं नाही, तो सहा आठवड्यांत कापला जातो, पीस पिकतच नाही. गावरान, वयात आलेला, भांडखोर कोंबडा पाहिजे. अमेरिका-इंग्लंडातल्या लोकांनी कित्येक दशकं भारतातून गेलेल्या अशा मानांवर माश्या बांधल्या. पुढं त्यांनी पिसांसाठीच कोंबडे वाढवायला घेतले. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही गेला. त्याच्या मानेवर पिवळसर, लाखेच्या थेंबासारखे ठिपके असतात, ते स्कॉटलंडात सॅमन मासा पकडायच्या माश्यांसाठी लागायचे. आता ती निर्यात बंद आहे, झाली ते बरं झालं. कोकणातल्या कुणा फासेपारध्यानं तो पक्षी धरला असेल, त्याला काय ठाऊक स्कॉटलंड. मोराचं पीस मी वापरतो, गळून पडलेलं, बाजारात मिळतं ते. आणि सगळं डांबरगोळ्या घालून ठेवावं लागतं, नाहीतर कसर लागते.

उन्हाळ्यात आणखी एक संकट, पंखा लावता येत नाही. त्रेचाळीस अंश आणि पंखा बंद, कारण लावला की सहा महिन्यांची पिसं घरभर. म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे चारला बसतो. त्या वेळी आवाज इतका हळू ठेवावा लागतो की ओसाकाचे हजारो लोक स्वयंपाकघरात कुजबुजल्यासारखे टाळ्या वाजवतात.

प्रश्न आला होता चिठ्ठीवर, किती मासे मिळाले? चार खेपांत अकरा. सगळे सोडून दिले. गळाचा आतला काटा मी पकडीनं चेपून टाकतो, म्हणजे मासा पटकन सुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडं मासेमारी बंद असते, त्यामुळं आता जायचं तर मार्चनंतर. तिकीट काढलेलं नाही.

ही डबी फिरवतोय, बघून पुढं द्या. काटा चेपलेला असला तरी टोक आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका. आत बावीस आहेत. परत आली की मोजून घेणार आहे, मग चहा.