‘हरलो’ म्हणजे नेमकं काय झालं?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

दुसरा दावा लावायचा म्हणून सल्ला मागायला येणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो, पहिल्या दाव्याचं काय झालं? उत्तर ठरलेलं असतं, “हरलो, साहेब.” पण दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘हरलो’ असा शब्द नाही. दावा फेटाळला, गैरहजेरीत काढून टाकला, वादपत्रच (दाव्याचा लेखी अर्ज) नाकारलं की तुम्हीच दावा मागे घेतलात? या चारही गोष्टींना बाहेर ‘हरलो’च म्हणतात, पण दुसरा दावा टिकेल की नाही याचं उत्तर प्रत्येकात वेगळं निघतं.

मूळ कल्पना आपल्याला नवी नाही. धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला एक ‘प्राङ्न्याय’: या प्रकरणाचा न्याय पूर्वीच झाला आहे, हा माणूस तेव्हाच हरला आहे. आज तोच बचाव 1908 च्या संहितेच्या कलम 11 मध्ये आहे. कोर्टात त्याला ‘पूर्वन्यायाची बाधा’ म्हणतात.

कलम 11 काय विचारतं ते नीट ऐका. दोन्ही वेळी पक्षकार तेच, किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे, आहेत का? पहिलं न्यायालय हा प्रश्न ठरवायला सक्षम होतं का? आणि तोच मुद्दा तिथे प्रत्यक्ष वादात होता, ऐकला गेला आणि कायमचा ठरला का? सगळं अडतं ते शेवटच्या प्रश्नाशी. बाधा मुद्द्याला येते, भांडणाला नाही. जमीन तीच आणि माणसं तीच, तरी मुद्दा वेगळा असू शकतो.

नेहमीचं उदाहरण घ्या. शेजारी जमिनीत हरकत करतो म्हणून तुम्ही कायम मनाईचा दावा लावला. न्यायालयानं मुद्दा काढला, दाव्याच्या दिवशी वादीचा कब्जा आहे का? उत्तर आलं, ‘सिद्ध होत नाही’, आणि दावा फेटाळला. आता मालकी ठरवून कब्जा परत मागता येईल का? साधारणपणे कलम 11 आड येत नाही, कारण मालकी तिथे ठरलीच नव्हती. निकालपत्रात मालकीबद्दल दोन वाक्यं जाता जाता आली असतील, तर तीही सहसा बांधत नाहीत. मात्र मालकीचा स्वतंत्र मुद्दा निघाला होता, त्यावर पुरावा झाला आणि उत्तर तुमच्या विरोधात गेलं, तर दाव्याचं नाव बदलून उपयोग नाही.

पण इथेच लोक फसतात. कलम 11 चं चौथं स्पष्टीकरण म्हणतं, जो मुद्दा तुम्ही तेव्हा मांडू शकत होता आणि मांडायला हवा होता, तो मांडला आणि ठरला असंच धरू. शिवाय त्याहून बोचरा आहे याच संहितेतला आदेश 2 नियम 2. दाव्यास जे कारण घडलं, त्यातून निघणारी प्रत्येक मागणी एकाच दाव्यात करा. न्यायालयाची परवानगी न घेता एखादी मागणी गाळलीत, तर ती पुन्हा करता येत नाही. पहिला दावा जिंकलात तरी नाही! साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, झालं, समोरचा माघार घेऊन मालमत्ता दुसऱ्याला विकेल या भीतीनं वादीनं फक्त मनाई मागितली, आणि करारपूर्तीसाठी नंतर वेगळा दावा लावला. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये असाच दुसरा दावा अडवला, कारण दोन्ही दाव्यांचं कारण एकच होतं. उलट पहिल्या दाव्यानंतर तुम्हाला जमिनीवरून हुसकावलं असेल, तर ते नवं कारण आहे.

गैरहजेरीचं थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजू गैरहजर म्हणून दावा निघाला, तर दावा लावायच्या कायदेशीर मुदतीत नवा लावता येतो. प्रतिवादी हजर आणि फक्त वादी गायब असेल, तर त्याच कारणावर नवा दावा नाही. तोच दावा पुन्हा दाखल करून घ्यायचा अर्ज करावा लागतो, आणि त्याला मुदत 30 दिवसांची. वादपत्र नाकारलं गेलं असेल तर नवं वादपत्र देता येतं. परवानगीशिवाय मागे घेतलेला दावा मात्र संपला. परवानगी घेतलीत तरी मुदत अशी मोजतात, जणू पहिला दावा लावलाच नव्हता. वकील हे सांगतात की नाही, मला शंका आहे.

“पहिला निकालच चुकीचा होता,” हे वाक्यही फार ऐकू येतं. चुकीचा निकालही बांधतो, त्यावर उपाय अपिलाचा. तरी एक अपवाद आपल्या बोरिवलीतून निघाला. बांधकामासाठी भाड्यानं घेतलेल्या जमिनीचं प्रमाणित भाडं ठरवून मागितलं होतं. तिथल्या दिवाणी न्यायालयानं सांगितलं, भाडे कायदा अशा जमिनीला लागूच नाही. पुढे दुसऱ्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं उलटा अर्थ लावला, तेव्हा त्या भाडेकरूनं नवा अर्ज केला. खालच्या न्यायालयांनी पूर्वन्याय म्हणून तो परतवला. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा ऐकायला लावला: न्यायालयाला अधिकार आहे की नाही, या निव्वळ कायद्याच्या प्रश्नावरची चूक पक्षकारांना कायमची बांधत नाही. हा दरवाजा अरुंद आहे. पुराव्याच्या चुका त्यातून आत येत नाहीत.

आता समोरच्या बाजूनं बसलेल्यांसाठी, म्हणजे प्रतिवादींसाठी. बाधा आहे असं नुसतं म्हणून चालत नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पूर्वन्यायासाठी आधीच्या दाव्याचं वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे आणि निकाल तपासावे लागतात, त्यामुळे सुरुवातीलाच वादपत्र नाकारून हा प्रश्न मिटवता येत नाही. आणि 1964 चं एक प्रकरण बघा. वादीनं आधी जागेच्या वापराबद्दलची भरपाई मागितली होती, नंतर कब्जा मागितला. प्रतिवादीनं आदेश 2 नियम 2 पुढे केला. आक्षेप वजनदार होता, पण आधीच्या वादपत्राची नक्कल त्यानं हजरच केली नव्हती. ते वादपत्र न वाचता कारण एकच होतं हे ठरवायचं कसं? आक्षेप तिथेच पडला.