नव्या फुप्फुसांना ठसका लागत नाही

नमस्कार श्रोतेहो. स्क्लेरोडर्मा हा आजार ज्याच्या घरात आहे, त्याला तो वेगळा सांगावा लागत नाही. कातडी ताठरते, गारठ्यात बोटं पांढरीफटक पडतात, तोंड पुरतं उघडत नाही. काहींची फुप्फुसंही निकामी होतात. मग गोव्याबाहेर, मुंबई-चेन्नईकडे जाऊन प्रत्यारोपण होतं, माणूस घरी येतो आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो.

पण फुप्फुसं नवी असली तरी अन्ननलिका जुनीच असते. या आजारात तिचे खालचे स्नायू दुबळे होतात, जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते. घास छातीत अडकतो, आंबट पाणी वर येतं. शस्त्रक्रियेत घशाच्या नसा दुखावल्या असतील तर पातळ घोटही वाट चुकून श्वासनलिकेत जातो. त्यातून प्रत्यारोपणात फुप्फुसाकडे जाणाऱ्या नसा कापल्या जातात, त्यामुळे आत काही गेलं तरी खोकला येईलच असं नाही. असं वरचेवर होत राहिलं, तर मोठ्या कष्टाने मिळालेली फुप्फुसं हळूहळू खराब होतात. म्हणून मी कळकळीने सांगतो, ‘खोकत नाही ना, मग जेवू दे’ असं म्हणू नका. बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेखाली गिळण्याची तपासणी होते, ती करून घ्या.

आजाऱ्याला पेज द्यायची आपली रीत. पण पेजेत वर पातळ निवळ आणि खाली शितं. निवळ पुढे पळते, शितं तोंडात राहतात. घसा कमजोर असेल तर नेमकं हेच जड जातं. पेज वाटून एकजीव करा. ती किती दाट हवी, हे तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला विचारा, कारण फार घट्ट झाली तर ती अन्ननलिकेत अडते. सोलकढी आंबट आणि पातळ, ती विचारल्याशिवाय नको.

जेवण ताठ बसून, लहान घासांनी. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. उशांची चळत लावली की पोट दुमडतं, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. गोळी अडकते म्हणून कुटू नका, कॅप्सूल फोडू नका. डॉक्टरांना सांगा, पर्याय असतो.

आणि चवथीला माटोळीचं तोरंजन, म्हणजे पपनस, उतरवलं की त्याची फोड या माणसाच्या हातात देऊ नका. शरीराने नवी फुप्फुसं नाकारू नयेत म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस हे औषध चालू असेल, तर त्याचं रक्तातलं प्रमाण पपनसाने वाढू शकतं.

जेवताना आवाज ओलसर, घोगरा झाला, वजन उतरलं, ताप आला किंवा दम वाढला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करा.