ट्रकवाल्याची मारुती

(कोल्हापूर. सकाळची वेळ. अरुंद गल्ली, भिंतीला चिकटून उभी एक जुनी गाडी.)

ही आमच्या अण्णांची गाडी. मारुती 800, 2006 चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली आणि परत पासिंग करून आणलेली. कलर पांढरा, म्हणजे कधीकाळी पांढरा होता, आता साबुदाण्याच्या खिचडीवर गेलाय. अण्णांनी 31 वर्षं ट्रक चालवला, कोल्हापूर ते वाशी मार्केट, जाताना गुळाचे रवे नाहीतर भाजी, येताना मिळेल ते भाडं. 2021 ला ट्रकमधून खाली उतरले ते उतरलेच, आणि सगळ्यांना वाटलं आता हा माणूस निवांत घरी बसणार, तर चार महिन्यांत ही डबी घेऊन दारात हजर.

आईचा पहिला प्रश्न, "ह्यात तुम्ही मावताय का?"

मावतात. गुडघे स्टेअरिंगला लागतात, पण मावतात.

(टेपने गाडी मोजतानाचा शॉट.)

रुंदी 1 मीटर 44 सेंटीमीटर, लांबी साडेतीन मीटरसुद्धा नाही, तीन सिलेंडरचं 796 सीसी इंजिन आणि वजन साधारण 650 किलो. अण्णांच्या ट्रकसारखा दोन अॅक्सलचा ट्रक आज मालासकट साडेअठरा टनांपर्यंत भरता येतो, 2018 च्या आधी ही मर्यादा 16.2 टन होती. मी मोबाईलवर भागाकार केला. 28 मारुती. म्हणजे हा माणूस रोज रात्री 28 मारुती एकदम घेऊन खंबाटकीतून जायचा, आणि आता एकच घेऊन दूध आणायला जातो.

पण सवयी जात नाहीत हो. हे बघा, गल्लीचा कोपरा आला. तुम्हीआम्ही इथं आधीच स्टेअरिंग वळवलं असतं, अण्णा मात्र गाडी सरळ पुढं नेतात, कोपरा जवळजवळ ओलांडतात आणि मग एकदम कापतात. कारण ट्रकमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर नाहीतर त्याच्याही पुढं बसतो, आणि मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कट मारत येतात, त्यामुळं लवकर वळवलं की मागचं चाक गटारात नाहीतर कुणाच्या तरी कट्ट्यावर. मारुतीला ह्यातलं काही लागत नाही, ती चार-साडेचार मीटरच्या रेडियसमध्ये गिरकी घेते, पण 31 वर्षं हातात बसलेलं वळण आहे ते. समोरचा स्कूटरवाला घाबरतो रोज.

(हायवे. रात्र. ट्रकच्या काचेतून दिसणारा रस्ता.)

आता ट्रकची मजा सांगायची तर पहिली गोष्ट उंची. मी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दोनतीनदा गेलोय त्यांच्याबरोबर, क्लिनरच्या बाजूला बसून. तिथून जग वेगळंच दिसतं. पुढच्या चार गाड्यांच्या टपावरून बघता येतं, उसाच्या फडापलीकडचं दिसतं, लांबवर कुणाचे ब्रेक लाईट लागले की पाय आधीच उचलता येतो. आणि भरलेला ट्रक मऊ चालतो हे कुणी सांगून पटणार नाही. रिकामा असला की स्प्रिंगचे पाटे आपटून आपटून आतड्यांची जागा बदलतात, पण पोटभर माल असला की पाटे बसतात आणि गाडी होडीसारखी डुलत जाते. अण्णा म्हणायचे, "भरल्याली गाडी पोराला झोपवती, मोकळी गाडी उठवती." मी खरंच झोपायचो.

आणि मान असतो. हॉर्न न वाजवता समोरचा बाजूला होतो. हे सुख मारुतीला नाही.

पण त्याच केबिनमध्ये मधोमध इंजिन. जुन्या ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि क्लिनरच्या मध्ये जो उंचवटा असतो ना, ज्यावर गोधडी टाकून क्लिनर झोपतो, त्याच्याखाली इंजिन तापलेलं असतं. जानेवारीत बरं वाटतं, मे महिन्यात डावा पाय भाजून निघतो. नव्या ट्रकच्या केबिनला एसी कम्पल्सरी झाला तो 1 ऑक्टोबर 2025 पासून, म्हणजे अण्णांची अख्खी नोकरी त्याआधीच संपली. त्यांचा हा हात बघा.

(हातांचा क्लोजअप.)

उजवा हात डाव्यापेक्षा दोन शेड काळा. खिडकीचा हात आहे तो. चार वर्षं झाली, अजून रंग एक झाला नाही.

ट्रकचा खरा त्रास मला विचाराल तर थांबण्याचा. छोटी गाडी कुठंही थांबते, चहा प्यायचाय, थांबली, झाड दिसलं, थांबली, लघवीला लागली, थांबली. ट्रकला जागा लागते. पार्किंग असलेला ढाबाच लागतो, तो मागं गेला की पुढचा येईपर्यंत पोटाला गप बस म्हणायचं. आणि मनात आलं की लगेच थांबेल असंही नाही, ब्रेक दाबल्यावर मागचे सोळा-अठरा टन म्हणतात आम्हाला अजून पुढं जायचंय. मारुतीवाले ट्रकच्या पुढ्यात जी दोन फुटांची फट बघून घुसतात ना, ती फट नसतेच, ती ट्रकवाल्यानं थांबायला ठेवलेली जागा असते. अण्णा ह्यावरून अजून शिव्या देतात, इथं ऐकवता येत नाहीत. डावीकडून घुसणाऱ्यांना जास्त, कारण क्लिनरच्या बाजूला केबिनच्या पुढ्यातच एक अख्खी मोटरसायकल गायब होते, वरून दिसतच नाही.

(पुणे बायपास. कात्रजचा नवा बोगदा.)

हा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. इथले अपघात पेपरात तुम्ही वाचलेच असतील, दरवेळी बातमी तीच असते, ब्रेक निकामी. अण्णा हे वाचून चिडतात. म्हणतात, "ब्रेक निकामी हुत न्हाई, करत्यात."

ते असं. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन फिरतंय तोवर कॉम्प्रेसर टाकीत हवा भरत राहतो, पेडल दाबलं की ती हवा चाकापर्यंत जाते आणि ब्रेकचा लायनर चाकातल्या ड्रमला घासतो. आता डिझेल वाचवायचं म्हणून उताराला कुणी न्यूट्रल केलं, की इंजिन जे गाडीला मागं ओढून धरत होतं ते सुटलं, सगळा भार ब्रेकवर आला, ड्रम तापले आणि तापलेला ड्रम धरत नाही. त्याच्याही पुढचे शहाणे इंजिनच बंद करतात, मग कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, आणि प्रत्येक वेळी पेडल दाबलं की टाकीतली हवा थोडी थोडी संपत जाते. आणि गंमत म्हणजे आताच्या इंजिनात गेरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटरवरनं पाय काढला की डिझेल जातच नाही, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळतं. म्हणजे वाचवायला जातात ते वाचतही नाही.

अण्णांचा नियम एकच होता, ज्या गेरमध्ये चढशील त्याच गेरमध्ये उतर. परवा मारुती घेऊन ह्याच उतारावर आलो तर त्यांनी मला थर्ड टाकायला लावला. इंजिन किंचाळतंय, मागून लोक डिपर मारतायत, मी म्हटलं अण्णा ही 650 किलोची आहे. म्हणाले, "उताराला कुठं म्हाईत हाय ते."

छोट्या गाडीचे हाल हायवेवरच कळतात. शेजारून कंटेनर गेला की आधी हवा ढकलते आणि मग ओढते, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरायला लागतं, त्यात पॉवर स्टेअरिंग नाही. घाट चढताना एसी बंद, नाहीतर गाडी म्हणते दोघांपैकी एकालाच खेचीन. पाच माणसं बसली की प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून खर्रर्र, तेव्हा मागचे दोघं उतरून चालत पलीकडं येतात. आणि रात्री मागून मोठी गाडी आली की तिचे लाईट बरोब्बर आपल्या आरशात.

मोठी गाडी म्हणजे ट्रक नाही म्हणत मी, एसयूव्ही. ह्या विषयावर अण्णा आणि मी पहिल्यांदा आयुष्यात एकमत झालोय. सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आणि मोठ्यांवर 40 टक्के, तरी आमच्या गल्लीत, जिथं रिक्षा वळत नाही, तिथं तीन एसयूव्ही आल्यात. उंच बसलं की रस्ता लांब जातो आणि स्पीड कमी वाटतो, ऐंशी म्हणजे पन्नास वाटायला लागतात. ट्रकवाल्यालाही तसंच वाटतं, पण त्याच्या मागं वजन असतं, ते त्याला पावलोपावली आठवण करून देतं. शिवाय ट्रकला ऐंशीचा स्पीड गव्हर्नर. ह्यांना उंची मिळाली, वजनाची भीती नाही मिळाली. आमच्या साडूंनी घेतलीय एक, त्यांनी हे बघू नये.

(सातारा जिल्हा. लिंब फाटा.)

हा फाटा अण्णांनी 31 वर्षं बघितला. आत गावात बारा मोटांची विहीर आहे, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली, अठराव्या शतकातली, एकाच वेळी बारा मोटा चालायच्या तिच्यावर. क्लिनर पोरं दरवेळी म्हणायची अण्णा एकदा बघूया की, पण आतला रस्ता गावातला, तिथं 16 टन घेऊन कोण वळणार, आणि मार्केट पहाटे उघडतं, गूळ काय विहीर बघत बसत नाही.

मारुती सहज आत गेली. एका बैलगाडीला वाट दिली, एका म्हशीनं आम्हाला दिली नाही. पायऱ्या उतरून अण्णा खाली गेले, वर बघितलं, मोटांच्या जागा बोटानं मोजल्या, बारा भरल्यावर परत एकदा मोजल्या. मी विचारलं कशी वाटली. "दगडी काम चांगलं हाय," एवढंच.

पण हे सगळं नंतर. आधी गाडी लावली तेव्हाचं सांगायचं राहिलं. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गाडी गेरमध्ये. अण्णा उतरले, एकदा चारी टायर लाथेनं ठोकून बघितले, मग मागच्या चाकाशी थांबले आणि माझ्याकडं बघून, अगदी क्लिनरला सांगतात तसं म्हणाले, "दगड लाव."

मी इकडंतिकडं बघितलं, एक बरा दगड शोधला आणि लावला.